ताई, माझे चार महिने मशीनवर वाया गेले का?

पत्र, थोडं कापून:

"ताई, मी ३१ वर्षांचा, वजन ६८ किलो. चार महिने झाले जिमला जातोय, आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. आत्तापर्यंत सगळं मशीनवरच केलंय, चेस्ट प्रेस, लॅट पुलडाऊन, लेग प्रेस वगैरे, वजन हळूहळू वाढवत नेलं आणि अंगावर फरकही दिसतोय. पण मागच्या महिन्यात नवीन ट्रेनर आले, ते म्हणाले मशीन म्हणजे टाइमपास, खरी बॉडी फ्री वेटनेच, म्हणजे सुट्या रॉड-डंबेलनेच बनते, मशीनवर स्टॅबिलायझर मसल झोपलेलेच राहतात, आणि स्क्वॅट, म्हणजे वजन घेऊन उठाबशा, केल्याशिवाय टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतच नाही. म्हणून रॉड घेऊन स्क्वॅट मारायला गेलो. लेग प्रेसवर १२० किलो ढकलणारा मी, इथे २० किलोत लटपटलो. बाजूची पोरं हसली. आता माझा एक मित्र बरोबर उलटं सांगतोय, फ्री वेटने कंबर जाते, मशीन सोडू नकोस म्हणे. माझे चार महिने फुकट गेले का? आणि आता नक्की काय करू? – लटपटलेला"

अरे लटपटलेल्या,

फुकट काही गेलं नाही. तूच लिहिलंयस की फरक दिसतोय, मग ट्रेनरच्या एका वाक्यावर आरशावरचा विश्वास का उडाला तुझा?

आधी त्या २० किलोचं बघू, कारण मला वाटतं खरी ठेच तिथेच लागलीय तुला. तू २० किलो लिहिलंस ते रॉडचं वजन धरून की फक्त प्लेटचं? माझा अंदाज असा की दोन बाजूंना १०-१० च्या प्लेट लावल्यास आणि २० मोजलेस, सगळे नवीन लोक असंच मोजतात, मीही मोजायचे. तो मोठा ऑलिंपिक रॉड नुसताच २० किलोचा असतो. (सगळ्या जिममधले रॉड तसे नसतात, हलके पण असतात, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघ.) म्हणजे पाठीवर ४० होते. आता स्क्वॅटमधे फक्त रॉड उचलत नाहीस तू, स्वतःलाही उचलतोस. पावलं आणि पोटऱ्या सोडल्या तर बाकी सगळं शरीर खाली जातं आणि वर येतं, ते तुझ्या ६८ मधले साधारण ६० किलो. झाले १००. आणि तुझा लेग प्रेस जर तो तिरका, ४५ अंशातला असेल, तर त्यावर लावलेल्या वजनातलं सत्तर टक्केच पायांवर येतं, बाकीचा भार रूळ झेलतात. १२० चे झाले ८५, त्यात त्या सरकणाऱ्या पाळण्याच्या वजनातला वाटा वेगळा. हे काही काटेकोर गणित नाही, दोन्हीकडे पाय किती वाकतात, कुठल्या कोनात जोर लागतो, सगळंच वेगळं असतं. पण एवढं तरी दिसतंय ना की १२० विरुद्ध २० असा सामना कधी झालाच नव्हता, पायांच्या हिशोबाने दोन्ही जवळपासचेच होते.

मग लटपटलास कशाने? तर ती हालचाल तुला येत नव्हती म्हणून, एवढंच. मान, पाठ, पोट, घोटे सगळ्यांनी एकाच वेळी काय करायचं ते मेंदूला अजून शिकायचंय. सायकल पहिल्या दिवशी डगमगते तेव्हा कुणी म्हणतं का की याच्या पायात ताकद नाही.

आता मूळ भांडण. स्नायूला मशीन कळत नाही आणि डंबेल पण कळत नाही. त्याच्या तंतूंवर ताण आला, तो ताण पुरेसा जास्त होता, आणि तंतू थकत थकत जवळपास हरायला आले, एवढंच त्याला समजतं. वाढ व्हायला मुख्य कारण हा ताण. तो रॉडने आला की केबलने आला की रबरी बँडने आला याची नोंद आत कुठे होत नाही. म्हणूनच ५ रेपचा (रेप म्हणजे एक आवर्तन, न थांबता केलेले रेप मिळून एक सेट) जड सेट आणि २५-३० रेपचा हलका सेट, दोन्ही शेवटपर्यंत रेटले तर स्नायू जवळपास सारखाच वाढतो असं दिसून आलंय. शेवटपर्यंत रेटले तर, हे महत्त्वाचं. बरेच जण १२ आकडा आला म्हणून थांबतात, अजून आठ निघाले असते तरी.

मशीन आणि फ्री वेटची थेट तुलना करणारे प्रयोग झालेत, आणि २०२३ मधे असे बरेच प्रयोग एकत्र करून एक विश्लेषणही आलं. निघालं काय, तर स्नायूंच्या वाढीत दोघांमधे म्हणावा असा फरक नाही. ताकदीत मात्र गंमत आहे, रॉडवर सराव केलेले लोक रॉडच्या चाचणीत पुढे, मशीनवाले मशीनच्या चाचणीत. ज्याचा अभ्यास त्याचा पेपर सोपा. म्हणजे तुझे ट्रेनर तुला स्क्वॅट करायला लावून म्हणाले असतील ना की बघ मशीनने ताकद आलीच नाही, तर उलट रॉडवरच सराव केलेलं पोरगं उचलून मशीनवर बसवलं असतं तर तिथेही ते थोडं गडबडलं असतं, फक्त मशीन पडायला देत नाही म्हणून कुणाला दिसलं नसतं.

टेस्टोस्टेरॉनचं तर मला आता हसायला येतं, कारण हे मी पण वर्षानुवर्षं ऐकलंय आणि सुरुवातीला लोकांना सांगितलंय सुद्धा. जड स्क्वॅट झाल्यावर पुरुषांमधे ते थोडा वेळ वर जातं हे खरं, पण ते थोड्याच वेळात परत खाली येतं. २०२० मधे छापून आलेल्या एका प्रयोगात आठ आठवडे एक गट फ्री वेटवर आणि एक मशीनवर ठेवला होता. फ्री वेटवाल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन व्यायामानंतर जास्त उसळलं, अगदी ट्रेनर म्हणतात तसं. आणि आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचे स्नायू मोजले तर वाढ सारखीच. उसळी आली आणि गेली, हाताला काही लागलं नाही.

स्टॅबिलायझर. हा शब्द जिममधे जितका वापरला जातो तितका समजून घेतला जात नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फ्री वेटमधे वजन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून जास्तीचे स्नायू काम करतात, खरंय. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर झोपून छातीवरून वजन वर ढकलणं, सुट्या रॉडने केला तर खांद्याचा मधला भाग स्मिथ मशीनपेक्षा (त्यात रॉड उभ्या रुळांत अडकवलेला असतो) जास्त जागा होतो. पण जागा होणं आणि वाढणं या दोन गोष्टी आहेत. तो खांदा तिथे सांभाळायचं काम करतोय, दमून हरत नाहीये. तुला खांदे मोठे करायचे असतील तर खांद्याचा व्यायाम कर, छातीच्या व्यायामातून उरलंसुरलं कशाला गोळा करतोस. आणि याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, वजन जितकं डगमगतं तितका मुख्य स्नायू कमी जोर लावू शकतो. मऊ गादीवर उभं राहून कपाट ढकलून बघ.

म्हणून मी मशीन की फ्री वेट हा प्रश्नच बाजूला ठेवते आणि दुसरा विचारते. प्रत्येक सेट संपला की स्वतःला विचार, हा सेट कशामुळे थांबला?

तुला मांड्या वाढवायच्या होत्या आणि स्क्वॅटचा सेट तोल गेला म्हणून थांबला, तर मांड्यांना अर्धवटच काम मिळालं. पाठीसाठी वाकून रॉड ओढत होतास आणि कंबर दुखून सेट सुटला, तर पाठीचे मोठे स्नायू अजून ताजेतवाने बसलेत आणि तू घरी निघालास. डेडलिफ्टमधे, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलताना, तो बोटांतून सुटला तर तो सेट पंजाचा झाला. (मनगटाला रॉडशी बांधणारा पट्टा, स्ट्रॅप, लाव, त्यात कमीपणा काही नाही.) बेंचवर वजन अंगावर पडेल या भीतीने दोन रेप आधीच रॅकवर ठेवलास, तर सेट भीतीने थांबवला. हे सगळे सेट घाम काढतात, दमवतात, आणि आपल्याला वाटतं काय जबरदस्त व्यायाम झाला. पण ज्याला वाढवायचंय तो स्नायू मागच्या बाकावर बसून राहिला.

आणि उलट पण होतं बरं. मशीनवर सीट चुकीची लावली, हँडल मानेच्या रेषेत आले, आणि चेस्ट प्रेस खांदा दुखला म्हणून थांबला. मशीन असून उपयोग शून्य.

ज्या व्यायामात सेट त्याच स्नायूमुळे थांबतो ज्याला तुला वाढवायचंय, आणि सांधे तक्रार करत नाहीत, आणि दर काही आठवड्यांनी वजन किंवा रेप वाढवता येतात, तो व्यायाम तुझा. तो रॉडचा असो नाहीतर खुर्चीत बसून करायचा.

आता काही ठिकाणी मशीन सरळसरळ पुढे आहे, ट्रेनरना कितीही वाईट वाटलं तरी. मांडीचा मागचा भाग घे. स्क्वॅटने तो फारसा वाढत नाही, कारण तो स्नायू नितंब आणि गुडघा दोन्हीवरून जातो, तू खाली बसतोस तेव्हा एका टोकाला लांबतो आणि दुसऱ्या टोकाला आखडतो, एकूण लांबी जवळपास तिथल्या तिथे. त्याला गुडघा वाकवायचं काम हवं, आणि ते सुखाने करायला लेग कर्लसारखं (मशीनवर टाच मागे ओढायची तो) दुसरं काही नाही. त्यातही बसून करायचा आणि पालथं झोपून करायचा यात फरक आहे. २०२१ च्या एका प्रयोगात त्याच माणसांचा एक पाय बसून आणि दुसरा पालथा झोपून असा १२ आठवडे चालवला, तर बसलेला पाय साधारण १४ टक्के वाढला आणि झोपलेला ९ टक्के. कारण बसल्यावर तो स्नायू आधीच ताणलेला असतो, आणि ताणलेल्या अवस्थेत काम मिळालं की बऱ्याच स्नायूंना ते मानवतं असं दिसतंय. तर तुझ्या जिममधे दोन्ही असतील तर बसायचं निवड. मांडीच्या पुढच्या बाजूला मधोमध जो लांब स्नायू असतो त्याचंही असंच, स्क्वॅटमधे त्याच्या वाट्याला कमी येतं, लेग एक्स्टेन्शनमधे (बसून गुडघा सरळ करायचा ते मशीन) भरपूर.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन कुठे जड लागतं. डंबेलला एकच दिशा माहीत, खाली. म्हणून खांद्यासाठी डंबेल बाजूला उचलतोस तेव्हा हात खाली असताना जवळजवळ काहीच लागत नाही आणि वर आल्यावर एकदम जीव जातो. बेंचवर झोपून डंबेल फ्लाय करताना हात वर एकत्र आले की ओझं सगळं हाडांवर, छाती आराम करतेय. केबल लावलीस तर ओढ बाजूने येते आणि पूर्ण फेरीत स्नायूला सुट्टी मिळत नाही. काही मशीनमधे गोल चाकाऐवजी तो वाकडातिकडा शिंपल्यासारखा चाक असतो ना, तो उगीच नाही. आर्थर जोन्स नावाच्या माणसाने १९७० मधे नॉटिलस मशीन आणली त्यातली मुख्य युक्ती ती, हात जिथे ताकदवान तिथे वजन जड व्हावं आणि जिथे कमजोर तिथे हलकं. मशीन म्हणजे आळशी लोकांसाठी काढलेली सोय असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या काळच्या मशीनवर लोक उलट्या होईपर्यंत सेट मारायचे, आणि जोन्सला तेच हवं असायचं.

आणि एकटा असताना जीव तोडून शेवटचा रेप मारायचाय तर मशीनसारखा सोबती नाही. नाही निघाला तर सोडून दे, वजन ठण्णकन खाली, विषय संपला. (हळू सोड मात्र, आख्ख्या जिमने वळून बघायची गरज नसते.)

फ्री वेटचं काय मग. मला स्वतःला रॉड आवडतो, लपवत नाही. एका स्क्वॅटमधे मांड्या, नितंब, आतल्या मांड्या, पाठ, पोट सगळ्यांना काहीतरी मिळतं, वेळ कमी असेल तर हे फार मोठं आहे. अंगाच्या मापाची अडचण नाही, तू बुटका अस उंच अस, डंबेल तुझ्या हाताच्या वाटेने जातं, मशीनवर तुला त्याच्या वाटेने जावं लागतं. रॉडवर दोन्हीकडे सव्वाची छोटी प्लेट लावून एकूण अडीच किलो वाढवता येतात, तर बऱ्याच मशीनवर वजन निवडायची पिन पुढच्या भोकात घातली की एकदम पाचने उडी मारते. डंबेलची उडी तर कधीकधी भयंकरच, एका हातात १० वरून साडेबारा म्हणजे चौथाई वजन एकदम वाढलं, मग नाही निघत आणि माणूस निराश होतो. त्याला उपाय एकच, १० वरच रेप वाढवत जा, १५-१६ पर्यंत, मग उडी मार.

शिवाय जमिनीवरून जड वस्तू उचलणं, तोल सांभाळणं हे आयुष्यभर लागतं, आणि वय वाढेल तसं जास्तच लागतं. ते शिकायला रॉड डंबेल बरे. त्यामुळे ट्रेनर शिकवतायत तर शीक, नक्की शीक, फक्त ते सांगतात त्या कारणासाठी नाही.

तुझ्या मित्राबद्दल. कंबर जाते म्हणतो तो अगदीच हवेत बोलत नसावा, कुणाची तरी गेलेली बघितली असेल त्याने. पण ती रॉडने जात नाही, एका आठवड्यात २० किलो वाढवायच्या हौसेने जाते, बाजूची पोरं बघतायत म्हणून जाते. आणि कंबर लेग प्रेसवरही दुखावते, ते त्याला माहीत नसेल. गुडघे पार छातीपर्यंत आणले की बूड पाठीच्या गादीवरून उचललं जातं, कंबर गोल होते, आणि त्या गोल कंबरेवर तुझे १२०. पुढच्या वेळी कुणाला तरी बाजूने बघायला सांग, बूड उचलायच्या जरा आधी थांबायचं, तेवढीच तुझी खोली. आणि वर गुडघे खटकन लॉक करायचे नाहीत.

मशीनवर बसायच्या आधी अर्धा मिनिट सीटला दे. गुडघ्याच्या मशीनला जिथे लोखंडी हात फिरतो तो खिळा आणि तुझा गुडघा एका रेषेत हवेत. चेस्ट प्रेसला हँडल छातीच्या मध्याच्या आसपास. सीटचा जो आकडा जमला तो फोनमधे लिहून ठेव, नाहीतर दर वेळी नवीन प्रयोग. आणि एखादं मशीन सगळं करूनही टोचत असेल तर ते तुझ्या मापाचं नाही, सोड, दुसरं घे, त्यात तुझा दोष नाही आणि मशीनचाही नाही.

बेंच प्रेसबद्दल एक, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलेय, खरं तर रॉड माझ्या तोंडावर यायचा बाकी होता. दुपारची वेळ, जिममधे कुणी नाही, मी एकटी, आणि अजून एक निघेल असं वाटलं. निघाला नाही. रॉड छातीवर बसला तो बसलाच. बरं दोन्ही टोकांना क्लिप घट्ट लावलेल्या, त्यामुळे तिरका करून प्लेट पाडायची सोय मी माझ्याच हाताने बंद केलेली. शेवटी रॉड पोटावरून लोळवत मांड्यांपर्यंत नेला आणि उठून बसले, बरगड्यांवर आठवडाभर काळानिळा पट्टा होता. तेव्हापासून एकटी असले की सेफ्टी पिन (रॉड अंगावर येण्याआधी अडवणारे आडवे दांडे) लावलेल्या रॅकमधेच, नाहीतर डंबेल, नाहीतर सरळ मशीन. आणि अंगठा रॉडला पूर्ण गुंडाळायचा, ती बिनअंगठ्याची पकड कितीही ऐटीत दिसली तरी.

आता तुझं वेळापत्रक, तीन दिवस आणि पाऊण तास. मी तुझ्या जागी असते तर मशीन सोडलं नसतं, ज्याने फरक पडतोय ते का सोडायचं. तीनही दिवस पूर्ण शरीर करायचं. अंग गरम झालं की पहिली दहा बारा मिनिटं एक फ्री वेटची हालचाल शिकायला द्यायची, तेव्हा डोकं ताजं असतं. एक दिवस स्क्वॅट, एक दिवस डंबेल बेंच प्रेस, एक दिवस रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे किंचित वाकवून कमरेतून मागे जायचं तो. यात थकायचं नाही. सहा-आठ रेप, आणि अजून तीन-चार निघाले असते असं वाटलं की थांबायचं, कारण थकला की फॉर्म बिघडतो आणि बिघडलेलाच अंगवळणी पडतो. स्क्वॅट तर मी रॉडने सुरूच केला नसता, छातीशी एक डंबेल उभं धरून बस-ऊठ कर आधी, पुढच्या वजनामुळे तोल आपोआप सापडतो, पाठ सरळ राहते. दोन तीन आठवड्यांनी रिकामा रॉड घे.

त्यानंतर मशीनवर जा आणि तिथे मात्र दयामाया नको. छाती, पाठ, पाय, खांदे यांचे मिळून चार व्यायाम, प्रत्येकी दोन सेट, ८ ते १२ रेप, शेवटचा सेट असा की आणखी एखादाच निघाला असता किंवा तोही नाही. दोन्ही सेटमधे १२ निघायला लागले की पुढची पिन, परत ८ पासून चढायचं. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास जोरदार सेट मिळाले तरी तुझ्यासारख्याला भरपूर झालं, तो आकडा फ्री वेट आणि मशीन मिळून मोजायचा. मधे दोन मिनिटं विश्रांती घे, घाई करून तीस सेकंदात परत बसलास तर पुढचा सेट धापेमुळे थांबेल, आणि आपला प्रश्न आठवतोय ना. वेळ पुरत नसेल तर छाती आणि पाठ आलटून पालटून कर, एकाला आराम तोवर दुसऱ्याचं काम.

दोन तीन महिन्यांनी स्क्वॅटमधे लटपट गेली की तोच खरा पायांचा व्यायाम होऊ शकतो आणि लेग प्रेस मागे नेता येईल. किंवा नाही न्यायचा. तुला रॉडचा कंटाळा आला आणि मशीनवर मन लागतंय तर तिथेच राहा, मला काही वाईट वाटणार नाही. ज्या व्यायामाला जायचा कंटाळा येत नाही त्यात वर्षभरानंतर जास्त मिळालेलं असतं.

सुरुवातीला रॉडवर वजन फटाफट वाढेल, दर आठवड्याला. हुरळून जाऊ नकोस, पहिल्या महिना दोन महिन्यातली बरीच वाढ मेंदू शिकल्याची असते, स्नायू त्याच्या मागून सावकाश येतो. आणि आकडे इकडचे तिकडे नेऊ नकोस. काही केबल मशीनला दोन चाकांतून दोरी फिरवलेली असते, पिनवर २० लिहिलंय आणि हाताला १० च लागतायत. स्मिथ मशीनच्या रॉडलाही कधी मागून वजन लावून हलकं केलेलं असतं. त्यामुळे या जिममधलं मशीन आणि त्या जिममधलं मशीन यांचीसुद्धा तुलना नको, तुझा मागचा महिना आणि हा महिना, त्याच मशीनवर, एवढंच लिही.

खाण्याचं तू विचारलं नाहीस पण सांगते, दर किलो वजनामागे दिवसाला दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत प्रोटीन पोटात जात नसेल, म्हणजे तुझ्या बाबतीत ११० ग्रॅमच्या आसपास, आणि झोपेची बोंब असेल, तर मशीन भारी की रॉड भारी हा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्हीकडून सारखंच थोडं मिळेल. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारून ठरव.

ट्रेनरशी भांडू नकोस. त्यांना म्हण, सर मला स्क्वॅट शिकायचाय, माझा एक सेट बाजूने बघाल का. ज्यांना मनापासून रॉड आवडतो ती माणसं असं विचारलं की खूश होतात आणि मग मशीनबद्दल बोलायचं विसरतात. आणि हसणाऱ्या पोरांपैकी जो सगळ्यात जड उचलतो ना, बहुतेक तो हसला नसेल, आठवून बघ. त्यालाच विचार रॅकची सेफ्टी पिन कितव्या भोकात लावायची, तुझ्या उंचीला तळाच्या जरा खाली यायला हवी.

– ताई